मतपत्रिकेवरचे मास्तर

फोटो कसा काढावा, हे अख्ख्या होंडुरासात मला कुणी शिकवू नये! सान हासिंतोत चौतीस वर्षं माझा स्टुडिओ चालला. म्हणूनच संसदेच्या मतपत्रिकेवर पहिल्यांदा उमेदवारांचे फोटो छापायचं ठरलं, तेव्हा मी निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एव्हेलिओ मास्तरांना छातीठोकपणे सांगितलं, "तुम्ही फक्त खुर्चीत बसा. निवडून मी आणतो."

मास्तरांना खुर्चीचा सोस नव्हता, त्यांना पूल हवा होता. नदी चढली की पलीकडच्या मुलांची शाळा महिनोन्‌महिने बंद पडायची. अर्ध्या जिल्ह्याला त्यांनीच लिहायला शिकवलेलं. त्यांची घोषणाही साधी होती, "पक्षाचा रंग बघू नका, माणूस बघा." जिल्ह्याच्या जागा तीन, म्हणून प्रत्येकाला तीन फुल्या, त्यातली एक मास्तरांना मिळाली की झालं.

आता मास्तरांचा अवतार सांगतो. दांडीला दोरा बांधलेला जाड चष्मा, विस्कटलेले केस, खडूनं पांढरी झालेली कॉलर. असा माणूस राजधानीत शोभेल का? मी चष्मा काढायला लावला, मिशा काळ्या केल्या, त्यांना माझा लग्नातला कोट चढवला आणि उरलेल्या सुरकुत्या ब्रशनं पुसल्या. फोटो पाहून माझी बायको रुतिलिया म्हणाली, "देखणा आहे. कोण हा?" मी ते कौतुक समजलो.

दुसऱ्याच दिवशी विरोधी पक्षाचे कॉफीचे व्यापारी ओब्दुलिओ फोटोसाठी आले. आता लपवण्यात अर्थ नाही, मी त्यांचा मुद्दाम विचका केला. हिशेबाचा चष्मा नाकावर तसाच ठेवला, केस विंचरू दिले नाहीत, भर उन्हात उभं केलं. बिचारे दहा रात्री जागल्यासारखे दिसत होते. मी खूश!

मतदानाच्या सकाळी मास्तरांच्याच शाळेबाहेर रांग लागली. लोकांनी फोटोवरून ओळखावं म्हणून मी मास्तरांचा चष्मा माझ्या खिशात ठेवला आणि त्यांना हाताला धरून दारापर्यंत सोडलं. सगळ्यांत आधी मक्याच्या तोर्तिया भाजून विकणारी तोमासामावशी बोटाची शाई फुंकत बाहेर आली.

"मास्तरांना फुली दिली बाई," ती म्हणाली. "फोटो अगदी हुबेहूब आलाय."

मी मान ताठ केली.

"मुलांपायी किती दमलेत ते चेहऱ्यावर दिसतंय. आणि चष्मा तर कसा छान आलाय!"

"कुठला चष्मा?" मी खिसा चाचपला.

तिच्या मागून आलेला सुतार म्हणाला, मास्तर लगेच सापडले, पण वरच्या ओळीतला तो कोटवाला नट कोण? रंग बघायचाच नाही असं ठरलेलं, फोटोखालची नावं मुंगीएवढी, त्यामुळे मास्तर भलत्याच पक्षाच्या ओळीत कसे, हे कुणी विचारलंच नाही. मी धावत आत शिरलो आणि ओरडलो, "बिनचष्म्याचे! मास्तर बिनचष्म्याचे!" दोन पोलिसांनी मला उचलून मैदानात ठेवलं. रांगेतल्यांना वाटलं, मी दारूबंदीच्या दिवशीही प्यायलोय.

ओब्दुलिओ दणक्यात निवडून आले. ते स्वतःच इतके चकित झाले होते की भाषणात दोनदा अडखळले.

सोमवारी मी चष्मा परत करायला शाळेत गेलो. मास्तर फळा पुसत होते. पलीकडची मुलं त्याही वर्षी येणार नव्हती, आणि ते माझ्या हातून झालं होतं. मी ओब्दुलिओंच्या फोटोसकट सगळं कबूल केलं. मला रडू फुटलं. आज मास्तर नाहीत, पण तेव्हा माझ्या खांद्यावर ठेवलेला त्यांचा हात अजून आठवतो.

"निकानोर, रडू नकोस," ते म्हणाले. "आणि बाहेर कुठे बोलू नकोस. चष्म्याशिवाय मला नीट दिसेना. एक चेहरा बरा वाटला, दमलेला, प्रामाणिक. म्हटलं, हाच मी. मीही त्यालाच फुली मारली."