एकही पान न फाटलेली वीस पुस्तकं

लहान मुलांसाठी कोणती पुस्तकं घ्यावीत असा प्रश्न तुम्हाला पडला, तर मला विचारू नका. गेल्या महिन्यापर्यंत मी न विचारताच सांगत सुटायचो. बावीस वर्षं वाचनालयात घासलेला माणूस मी. पुस्तक नुसतं हातात घेतलं की त्याची कुंडली मांडतो, असा माझा दावा होता. दावा अजूनही आहे, पण आता तो मी मनातल्या मनात करतो.

झालं असं, की आमच्या बालविभागाच्या प्रमुख निवृत्त झाल्या आणि त्यांची खुर्ची रिकामी झाली. तिच्यावर माझा डोळा होता. बावीस वर्षं मी तळघरात बसून फाटक्या पुस्तकांना डिंक लावतोय. आता जरा वर उजेडात बसावं, लोकांनी 'साहेब' म्हणावं, एवढीच माझी माफक इच्छा. ग्रंथपालबाईंनी मला बोलावून घेतलं.

"पाच वर्षांखालच्या मुलांसाठी यादी करा," त्या म्हणाल्या. "पुस्तकं, खेळ आणि टॅबवरची ॲप्स. शनिवारी पालक येतायत, अध्यक्षही येणार आहेत. यादी जमली तर खुर्ची तुमची."

"झालीच म्हणून समजा," मी म्हणालो.

घरी हिला सांगितलं. ही बालवाडीत शिकवते. म्हणाली, "एखाद्या मुलाला विचारून बघणार ना?"

"मुलांना काय कळतंय पुस्तकातलं?"

ही गप्प बसली. लग्नाला चोवीस वर्षं झाली की बायकोच्या गप्प बसण्याचाही अर्थ कळायला लागतो, पण त्या दिवशी मी घाईत होतो.

माझी पद्धत अगदी शास्त्रशुद्ध होती. चांगली वस्तू चांगल्या अवस्थेत असते, हा माझा सिद्धांत. बालविभागातली दोन हजार पुस्तकं मी एकेक करून तपासली. कोपरा चावलेला नको, पानाला चिकटपट्टी नको, कव्हरवर दुधाचा डाग नको. कसोटीला अशी फक्त वीस पुस्तकं उतरली. काय एकेक रत्न होतं! रहदारीच्या नियमांवरचं एक, दातांच्या निगेवरचं एक आणि पानांच्या शिरांवर तर अठ्ठेचाळीस पानी. कोरी करकरीत. उघडली की पानं कुरकुरायची.

खेळांचंही तेच. ज्या डब्यातला एकही तुकडा हरवलेला नाही, तो डबा यादीत. ॲप निवडताना तर मी कमालच केली. कोणत्या ॲपमध्ये मुलं किती वेळ असतात, हे टॅबवर दिसतं. एका ॲपमध्ये मुलं सरासरी अर्धं मिनिट होती. मी चाटच पडलो. केवढी हुशार पोरं, आख्खा धडा अर्ध्या मिनिटात संपवतात! त्या ॲपला पहिला क्रमांक दिला.

उरलेल्यांतला अगदीच लक्तरं झालेला माल मी सहा खोक्यांत भरला, खोक्यांवर 'रद्दी' लिहिलं आणि ती मागच्या खोलीत पडद्याआड सरकवली. यादीच्या दोनशे प्रती छापून घेतल्या. खाली माझं नाव, जरा ठळक अक्षरात.

शनिवारी सकाळी खोली माणसांनी भरली. अध्यक्ष त्यांच्या चार वर्षांच्या नातीला घेऊन आले. ती सतत रुसून गाल फुगवते म्हणून घरचे तिला फुगी म्हणतात. मी सगळ्यांना यादी वाटली, छोटंसं भाषण ठोकलं आणि मुलांना म्हटलं, "घ्या, बाळांनो, हवं ते घ्या."

बाळांनी काहीच घेतलं नाही. एकाने दातांच्या निगेचं पुस्तक उघडलं, मिटलं आणि आईला म्हणाला, "चल घरी." टॅबवरचं पहिल्या क्रमांकाचं ॲप दुसऱ्याने उघडलं आणि लगेच बंद केलं. ग्रंथपालबाईंनी घड्याळ बघितलं. बावीस सेकंद.

"संपवला वाटतं धडा," मी म्हणालो. कुणी हसलं नाही. ती खुर्ची माझ्या डोळ्यांदेखत तळघराच्या जिन्यावरून गडगडत चालली होती.

तेवढ्यात खोली एकदम शांत झाली. बघतो तर एकही मूल जागेवर नाही. पालकांची पळापळ झाली. पडद्यामागून कुणीतरी खिदळलं. अध्यक्षांनी पडदा सरकवला.

सगळी पोरं माझ्या रद्दीत बसली होती. दोघं सोंगट्या हरवलेला खेळ बाटलीच्या बुचांनी खेळत होते. एक जण पुस्तकाचा कोपरा चघळत चित्र बघत होता. आणि मधोमध फुगी, मांडीवर शेपूट नसलेल्या हत्तीच्या गोष्टीचं पुस्तक. शेवटची चार पानं नसलेलं ते पुस्तक ती मोठ्याने 'वाचत' होती. पानं संपली तरी ती थांबली नाही. हत्तीला तिने शेपूट आणून दिलं, त्याचं लग्न लावलं आणि त्याला झोपवलंसुद्धा. ते ऐकताना अध्यक्ष चक्क जमिनीवर बसले.

गोष्ट संपल्यावर त्यांनी विचारलं, "हे पुस्तक यादीत कितवं आहे हो?"

"ते... रद्दीत आहे, साहेब."

"का?"

"फाटलंय म्हणून."

"का फाटलंय?"

ह्या प्रश्नाचं उत्तर बावीस वर्षं माझ्या हातांना ठाऊक होतं, डोक्याला त्या क्षणी कळलं. ज्या पुस्तकांना मी वर्षानुवर्षं शिव्या घालत डिंक लावला, तीच पोरांनी प्रेमाने फाडली होती. आणि माझ्या वीस रत्नांना आजवर कुणी हातच लावला नव्हता. मला फार लाज वाटली. सगळ्या पालकांसमोर मी सगळं कबूल केलं, त्या अर्ध्या मिनिटासकट.

ग्रंथपालबाई यादी परत परत वाचत होत्या. शेवटी म्हणाल्या, "यादी वाया जायची नाही. फक्त मथळा बदलू. 'ही घेऊ नका.'"

एक आई म्हणाली, "मला दोन प्रती द्या. जाऊबाईंनाही पाठवते."

पुढच्या सोमवारी नेमणुकीचं पत्र हातात पडलं. हो, बालविभागातच! मी पेढ्यांचं बघायला निघालो होतो, तेवढ्यात दुसरं पान वाचलं. अध्यक्षांनी एक निवड समिती नेमली होती. तिचे तीन सदस्य, सगळे पाच वर्षांखालचे, आणि प्रमुखपदी फुगी. मी समितीचा मदतनीस.

पहिली बैठक गेल्या शनिवारी झाली. पहिल्या दहा मिनिटांत प्रमुखसाहेबांनी मला कोपऱ्यात उभं केलं. त्या वाचत असताना मी मधेच बोललो, असं त्यांचं म्हणणं होतं.