घोड्याकडे पाठ करून बसणारे अप्पा

शर्यतीच्या घोड्याचा सराव बघायला लोक पहाटे उठतात, मोक्याची जागा धरतात आणि मोबाइल उंच धरून उभे राहतात. आमचे अप्पा तिथे जाऊन घोड्याकडे पाठ करून बसतात. रस्त्याच्या कडेला पोतं अंथरलेलं, तोंड ज्वारीच्या रानाकडे, डोळे मिटलेले. घोडा मागून धडधडत गेला की बोटांवर काहीतरी मोजायचं आणि निकाल सांगायचा. "पयल्या तिघांत न्हाय." नाहीतर, "ह्यो येतोय बघा." आणि तो येतो!

अप्पा म्हणजे शिवप्पा. जुळे सोलापुरातल्या आमच्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. उभी नोकरी होटगीच्या बाजूला रेल्वेच्या रुळांवरून चालण्यात गेली. लांब दांड्याच्या हातोड्याने ठोकायचं, आवाज ऐकायचा आणि कुठे काय ढिलं झालंय ते ओळखायचं. नोकरी संपली, पण कानांना काही निवृत्ती मिळाली नाही.

मी सोसायटीची सेक्रेटरी. लिफ्ट, टाकी, मोटर, सगळ्याची तारखेनिशी नोंद माझ्या वहीत असते. एकदा मीटिंगमध्ये मोटरची सर्व्हिसिंग झाल्याचं मी वाचून दाखवत होते, तर अप्पांनी हात वर केला. "म्याडम, गप बसा, ऐकू द्या की." सगळे गप्प. खालून मोटरची घरघर येत होती. "परवापर्यंत चालंल," अप्पा म्हणाले. परवा दुपारी मोटर जळली.

वरच्या मजल्यावरच्या मुलीला बघायला स्थळ आलं होतं. पाहुणे जिना उतरून गेले आणि अप्पांनी कुणी न विचारताच मत दिलं, "पोरगा बरा हाय, पर उतरताना दोन-दोन पायऱ्या गाळत गेला. मन हितं न्हाय त्येचं." आठ दिवसांनी नकार आला. तेव्हापासून आमच्या सोसायटीत पाहुणे आले की यजमान आधी अप्पांचं दार बंद आहे ना ते बघतात.

डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं, म्हणून मी अप्पांबरोबर जाऊ लागले. होटगी रोडच्या पलीकडे एक सरळ कच्चा रस्ता आहे. जत्रेतली घोडागाडीची शर्यत महिन्यावर आली की तिथे सराव सुरू होतो. एक घोडा, दोन चाकांची हलकी गाडी, एक हाकणारा. मी वही नेली, रकाने आखले. घोडा, वेळ, वारा, शेरा. वेळ माझ्या घड्याळाची, शेरा अप्पांचा. "नाकानं बोलतो." "घोडा चांगला, मालक जड." "ह्येला घर आठवतंय."

मालक लोक फार बेरकी. लोकांसमोर घोडा मुद्दाम हळू पळवायचा, खरा दम भलत्याच वेळी काढायचा. करकंबच्या एका पाटलांनी तर कमाल केली. घोडीच्या कपाळावर चुन्याने पांढरा पट्टा ओढला आणि नवी घोडी म्हणून आणली. सगळी गर्दी फसली, मीही वहीत नवीन ओळ घातली. ज्वारीकडे तोंड करून अप्पा ओरडले, "पाटील, ही कालचीच हाय की! नाव बदललं म्हणून पाय बदलत न्हाईत." पाटलांनी अप्पांना चहा पाजला आणि चुना पुसला.

एवढं सगळं करून हा माणूस प्रत्यक्ष शर्यतीला मात्र कधी जात नाही! "तितं लई वरडत्यात. घोडा कुटं ऐकू येतोय?" शर्यतीच्या दिवशी अप्पा घरी बसून ताक पितात.

यंदा सगळ्यांचं लक्ष बिजलीकडे होतं. बिजली रफिकभाईंची घोडी. त्यांचे वडील स्टेशनवर टांगा चालवायचे. टांगे गेले, रिक्षा आल्या. रफिकभाईंनी हट्टाने घोडी ठेवली आणि लग्नाच्या वरातीत जुंपली. वरातीत तिचा काही उपयोग नाही. बँड वाजला की ती नवरदेवाला घेऊन वऱ्हाडाच्या पुढे निघून जाते. शर्यतीत मात्र तिची गोष्टच वेगळी. घरातला एक तरी घोडा फायनलला पळावा, ही त्यांच्या वडिलांची इच्छा राहून गेली होती.

शर्यतीच्या दोन दिवस आधी बिजली आमच्या मागून गेली आणि मी घड्याळ बघून ओरडलेच. महिन्यातली सगळ्यात कमी वेळ! सलग पाचव्या दिवशी वेळ कमी झाली होती.

"देखे क्या अप्पा?" रफिकभाई गाडीतून उडी मारत म्हणाले. "म्याडमकी घडी झूट बोलती क्या?"

अप्पांनी डोळे उघडले नाहीत. "परत आण. चालवत." घोडी मागून चालत गेली. अप्पांनी बोटं मोजली. "डावा फुडचा पाय हळू टेकतीया."

रफिकभाईंनी पाय चाचपला. सूज नाही, हाताला गरम लागत नाही. "डॉक्टर देखके गया अप्पा. कुछ नै है."

"आज न्हाय दिसणार. दुखतंय म्हणून लवकर उचलतीया, तुमाला वाटतंय पळाय लागली. नको पळवू, रफिक."

"मग हरेल म्हणता?" मी विचारलं.

"न्हाय वो. पयली येईल. त्येचंच भ्या वाटतंय."

रफिकभाई भडकले. "घोडेकी तरफ पीठ करके बैठते, और मेरेकू सिखाते?" मग माझ्याकडे वळले. "तुमीच सांगा म्याडम."

मी वही उघडली. पाच तारखा, पाच वेळा, लाल शाईने अधोरेखित. आकडे स्पष्ट होते. "पळवा," मी म्हणाले.

अप्पांनी पोतं झटकलं आणि घडी करून काखेत घेतलं.

जत्रेच्या दिवशी सकाळपासून गटाच्या शर्यती होत्या, प्रत्येक गटातला पहिला दुपारच्या फायनलला. बिजलीचा गट शेवटचा, मी दोरीला खेटून उभी होते. हलगी कडाडली, झेंडा पडला आणि पाच गाड्या सुटल्या! धुळीत आधी काही दिसेना. मग करकंबची घोडी पुढे, तिच्या चाकाला चाक लावून बिजली. "आली, आली, बिजली आली!" मी स्वतः ओरडत होते, माझी वही कुणाच्या तरी पायाखाली गेली तरी मला पत्ता नव्हता. शेवटच्या टप्प्यात रफिकभाई उभे राहिले, लगाम सैल सोडला, आणि बिजली मानभर पुढे निघून रेषा ओलांडून गेली. गुलाल उडाला. लोकांनी पुढे पळत जाऊन रफिकभाईंना चालत्या गाडीतून खांद्यावर उचललं.

घोडी रिकाम्या गाडीनिशी तशीच पुढे गेली. तिच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. मी मागोमाग गेले.

रेषेपासून बरंच पुढे, जिथे पळालेले घोडे थांबतात, तिथे बाभळीखाली अप्पा उभे होते. शेजारी पाण्याची बादली आणि ओली पोती. त्यांनी बिजलीचा लगाम धरला, गाडी सोडवली, खाली बसले आणि तिचा डावा पाय मांडीवर घेतला. पायाला ओलं पोतं गुंडाळता गुंडाळता ते तिच्याशी बोलत होते. "साकव्वा, साक." पुरे गं बाई, पुरे. नंतर बरंच काही हळू आवाजात, सगळं कानडीत.

अप्पांची बायको गंगव्वाकाकू, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. नवरा-बायको घरात कानडीच बोलायचे. त्यानंतर अप्पांच्या तोंडून कानडी मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकली.

मागून रफिकभाई आले, डोक्यापासून गुलालाने लाल. "अप्पा! फायनल..." म्हणाले आणि थांबले. खाली बसून त्यांनी पोत्याखाली हात घातला. बराच वेळ हात तिथेच होता.

"मला वाटलं होतं..." मी म्हणाले.

"गप बसा, म्याडम," अप्पा म्हणाले. पण रागाने नाही.

फायनलच्या गाड्यांचा पुकारा सुरू झाला. लाउडस्पीकरवर रफिकभाईंचं नाव आलं. ते उठले नाहीत. दुसऱ्यांदा आलं. रफिकभाईंनी हात लांब करून बिजलीच्या गळ्यातला शर्यतीच्या नंबराचा पट्टा सोडला आणि जमिनीवर ठेवला.

तिकडे हलगी वाजायला लागली. बिजलीने मान ताठ केली, नाकपुड्या फुलवल्या, तीन पायांवर भार घेऊन पुढे ओढ घेतली. अप्पा उठले. तिच्या समोर उभे राहिले आणि दोन्ही हातांनी तिचे कान झाकले. शर्यत संपेपर्यंत ते तसेच उभे होते.