खाकरणारे मोर आणि नऊ खेळाडू

एका जंगलात मोरांचं राज्य होतं, बाळांनो. सिंह कुठे गेला म्हणून विचारू नका. प्रत्येक गोष्टीत सिंहालाच राजा करायचा असा काही कायदा नाही. मोर दिसायला देखणे होते, आणि जो देखणा असतो त्याला अक्कलही असणार असं त्या जंगलात सगळ्यांना वाटे.

मोरांना पिसारा होता, लांडोरींना नव्हता. म्हणून मोरांनी बाहेर मिरवायचं आणि लांडोरींनी घरात बसायचं असं ठरलं होतं. कधी ठरलं? फार पूर्वी. कुणी ठरवलं? मोरांनी. झालं समाधान? मग आता पुढे ऐका.

त्या जंगलात एक रीत होती. वडीलधारा मोर कुठेही शिरायच्या आधी खाकरायचा. चांगला पोटातून खाकरायचा. तो आवाज कानावर पडला की लेकीसुनांनी हातातलं काम टाकून आडोशाला पळायचं. तव्यावर भाकरी असली तरी पळायचं. त्यामुळे तिथल्या मोरांनी जन्मभर करपलेली भाकरी खाल्ली, पण मान शाबूत राहिला.

दुसरीही एक रीत होती. परक्या लांडोरीला मोराने पंखाचं टोकसुद्धा लावायचं नाही. चुकून लागलं तर सात दिवस नदीत उभं राहून प्रायश्चित्त. ही रीत मात्र चांगली होती. उगाच सगळ्यालाच नावं ठेवू नयेत.

पुढे काय झालं, शेजारच्या जंगलात कन्याशाळा निघाली. शेजाऱ्याकडे आहे म्हटल्यावर आपल्याकडे नको का? मग इथेही निघाली. शाळेत रोज भरतकाम, रोज स्तोत्रं आणि बुधवारी भूगोल. भूगोल शिकवायला चक्रवाकबाई होत्या. त्या दर हिवाळ्यात दूरदेशाहून उडत यायच्या. भूगोल प्रत्यक्ष पाहिलेल्या त्या एकट्याच होत्या, म्हणून त्यांना नोकरी द्यावी लागली.

एका बुधवारी बाईंनी पोरींना सांगितलं, "समुद्रापलीकडे एक खेळ खेळतात. बेसबॉल."

"कसा खेळतात?" पोरींनी विचारलं.

"चार झाडं घ्यायची. त्यातलं एक म्हणजे घर. घरापाशी उभं राहून चेंडू टोलवायचा, आणि उरलेली तीन झाडं एकामागून एक गाठून परत घरी यायचं. आलात की एक धाव. चेंडू तीनदा हुकला, तर बाद. टोलवलेला चेंडू कुणी वरच्या वर झेलला, तर बाद. वाटेत कुणी हातातला चेंडू तुमच्या अंगाला टेकवला, तर बाद. आणि अर्ध्या वाटेतून मागे फिरलात, तरीही बाद."

शाळेत पोरी नऊच होत्या आणि खेळायला नऊच लागतात. चिंध्यांचा चेंडू झाला. दांडा म्हणून घरोघरची मुसळं आली. लांडोर मुसळ कशात धरते असं ज्याला विचारायचं असेल, त्याने बाहेर जाऊन अंगठे धरून उभं राहावं.

घरी पोरींनी सांगितलं, "शाळेत कांडण शिकवतात."

"शिक्षण शिक्षण म्हणतात ते हे!" रावबहादूर पिसारे खूश होऊन म्हणाले. रावबहादूर हे मोरांच्या सभेचे अध्यक्ष. त्यांची मुलगी ठमी शाळेत सगळ्यांत लांब चेंडू टोलवायची.

ठमीला खेळ आवडायचाच. पण भूगोल त्याहून आवडायचा. नकाशात तिने आपल्या जंगलातली नदी पाहिली होती. ती नदी जंगल ओलांडून कुठेतरी जात होती. कुठे, ते पुढच्या इयत्तेत होतं. ठमीला पुढच्या इयत्तेत जायचं होतं. जगात तिला दुसरं काहीही नको होतं.

एक दिवस मोरांची सभा भरली होती. पाऊस मोरांच्या नाचामुळे येतो की मोरांच्या कृपेमुळे, यावर कडाक्याचा वाद चालला होता. इतक्यात आभाळातून एक चेंडू आला आणि रावबहादुरांच्या तुऱ्यावर आदळला. तुरा वाकडा झाला.

चेंडूमागून ठमी आली. तिच्या हातात मुसळ होतं.

"हा इथे कसा आला?" रावबहादुरांनी विचारलं.

"मी टोलवला, अप्पा."

"आणि कांडण?"

"हेच ते," ठमी म्हणाली. खोटं बोलायचा तिला कंटाळा आला होता.

मग काय विचारता! सभेत एकच गलका झाला. गिधाडशास्त्री उठले. धर्म काय सांगतो हे त्या जंगलात तेच सांगत. "पळणाऱ्या लांडोरीची अंडी पातळ होतात, असं वचन आहे!" ते गरजले.

"कुठे आहे?" ठमीमागून आलेल्या चक्रवाकबाईंनी विचारलं.

"असणारच! इतकी वचनं आहेत, त्यात हे नसेल कसं?"

शाळा बंद करायचा ठराव येणार हे ठमीने ओळखलं. ती घाईघाईने म्हणाली, "अप्पा, आमचा मोरांशी सामना लावा. आम्ही जिंकलो तर शाळा राहू द्या."

सभा पोट धरधरून हसली. रावबहादूरही हसले, आणि हसता हसता भरसभेत शब्द देऊन बसले. "जिंकलात तर शाळा राहील, आणि तू हवं तेवढं शीक. हरलात तर शाळेला टाळं. आणि येत्या फाल्गुनात तू बोहल्यावर. माळावरच्या इनामदारांचं स्थळ सांगून आलंच आहे."

"एक अट," गिधाडशास्त्री म्हणाले. "मैदानातही मर्यादा पाळायची. वडील खाकरले की आडोशाला जायचं. एकीनेही कसूर केली तर सामना गेला!"

"पाळू," ठमी म्हणाली.

सामन्याच्या दिवशी सगळं जंगल लोटलं. पंच म्हणून कासवाला नेमलं, कारण तो कुणाच्याच बाजूला लवकर जाऊ शकत नसे. डाव दोन-दोन ठरले. तीन जण बाद झाले की डाव संपला.

आधी मोर खेळले. ते चेंडू उंच मारत, कारण उंच चेंडू सगळ्यांना दिसतो. मारला की पिसारा फुलवत. पिसाऱ्यात वारा भरे आणि मोर जागच्या जागी गिरकी घेई. तोवर पोरी चेंडू झेलून मोकळ्या. तरीही मोरांच्या चार धावा झाल्या.

मग पोरींची पाळी आली. तेव्हा गिधाडशास्त्र्यांनी डाव साधला. त्यांनी तरुण मोर बाहेर काढले आणि मैदानात नऊ म्हातारे उभे केले. दुसऱ्या झाडापाशी तर रावबहादुरांचे वडील थोरले पिसारे होते. तिसऱ्या झाडापाशी स्वतः रावबहादूर.

चिमीने चेंडू छान टोलवला आणि ती पळत सुटली. पहिल्या झाडापाशी उभे असलेले आजोबा खाकरले.

चिमी गर्रकन वळली आणि सवयीने घराकडे पळाली.

"मागे फिरली. बाद," कासव म्हणाला.

दुसरी पोरगी, तसंच. तिसरी पोरगी, तसंच. डाव खलास. मोर पुन्हा खेळले, आणखी दोन धावा झाल्या. मोर सहा, पोरी शून्य.

ठमीला रडू कोसळलं. शाळेचं दार, नकाशा, ती नदी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून जायला लागलं.

तेवढ्यात तिची आई गूळपाणी घेऊन आली. ती शाळेत कधी गेली नव्हती. पण वीस वर्षं संसार केला होता.

"रडतेस काय? डोळे पूस," आई म्हणाली. "वडील खाकरले की कुठे जायचं म्हणून सांगितलंय तुम्हाला?"

"आडोशाला."

"मग घराकडे कशाला पळता गं बायांनो? पुढचं झाड म्हणजे आडोसा नव्हे? त्याला काय काटे आहेत?"

पोरी एकमेकींच्या तोंडाकडे बघायला लागल्या.

"पण काकू, तिथे आजोबा चेंडू घेऊन उभे असले तर?" चिमीने विचारलं.

"असेनात! ते काय हात लावणार आहेत तुला? अगं, माझे चुलतसासरे वाटेत मी समोर आले की धक्का लागू नये म्हणून बाजूला होतात. आजवर तीनदा ओढ्यात पडलेत बिचारे."

गूळपाणी संपलं. शेवटचा डाव सुरू झाला.

चिमीने चेंडू जमिनीलगत टोलवला. पहिले आजोबा खाकरले. चिमीने लगबगीने तोंडावर पंख घेतला, मान खाली घातली आणि धावत जाऊन पहिल्या झाडाआड लपली. आजोबांच्या हातात चेंडू होता. त्यांनी तो पुढे केला, मग नदीचं गार पाणी आठवून मागे घेतला. त्यांना राग आला. रागावलं की ते खाकरत.

चिमी दुसऱ्या झाडाआड गेली. तिथे थोरले पिसारे खाकरले. ती तिसऱ्या झाडाआड गेली. तिथे रावबहादूर खाकरले, आणि चिमी मान खाली घालून घरी पोचली.

"शाबास!" गिधाडशास्त्री ओरडले. "पाहिलेत संस्कार? खाकरलं की थेट घर!"

"एक धाव," कासव म्हणाला.

"धाव कसली? ती आडोशाला गेली होती!"

"तिन्ही आडोसे घेऊन घरी आली. त्यालाच धाव म्हणतात," कासव म्हणाला आणि त्याने मान आत ओढून घेतली.

मग सगळीकडून खाकरणं सुरू झालं. म्हाताऱ्यांना दुसरं काही येतच नव्हतं. ते जितके जोरात खाकरत, तितक्या लाजून पोरी पुढे पळत. दोन धावा झाल्या, तीन झाल्या. एका आजोबांना खरोखरीचा ठसका लागला आणि त्या एका ठसक्यात दोन पोरी घरी आल्या. एकीचा झेल गेला, एकीचे तीन चेंडू हुकले. पण सहा धावा झाल्या. सहाला सहा!

एकच गडी बाद व्हायचा राहिला होता. आणि मुसळ घेऊन ठमी उभी राहिली.

तिने चेंडू असा टोलवला की तो करवंदीच्या जाळीत गेला. तो शोधेपर्यंत ती पहिलं झाड गाठून पुढे गेली, दुसरं गाठून पुढे गेली. पण जाळीतून चेंडू निघाला, आणि थेट रावबहादुरांच्या हातात येऊन पडला. ते तिसऱ्या झाडापाशी होते. ठमी त्यांच्यासमोरून घराकडे निघाली होती.

आता जरा विचार करा, बाळांनो. थोरल्या पिसाऱ्यांना ठमीने मागे टाकलं होतं, आणि बाकी सगळे मोर परके होते. रावबहादूर परके नव्हते. बाप लेकीला हात लावू शकतो. नुसता चेंडू पाठीला टेकवायचा, की ठमी बाद. मग धाव नाही, शाळा नाही, आणि फाल्गुनात बोहलं.

ठमीला हे कळलं. आईलाही कळलं, आणि तिने डोळे मिटून घेतले. या एका गोष्टीचा विचार तिने केला नव्हता.

"टेकवा, रावबहादूर!" गिधाडशास्त्री किंचाळले. "तुमचीच मुलगी आहे!"

रावबहादुरांनी पंख उचलला. आणि त्यांचं लक्ष समोर गेलं. थोरले पिसारे त्यांच्याकडे रोखून बघत होते.

त्या जंगलात आपल्या वडिलांसमोर कुणी आपल्या लेकराला हात लावत नसे. वडिलांसमोर लेकराला उचलणं, कुरवाळणं म्हणजे निर्लज्जपणा. ठमी अंड्यातून बाहेर आली त्या दिवसापासून रावबहादुरांनी तिला चारचौघांत कधी जवळ घेतलं नव्हतं. मनात फार असायचं, पण घेतलं नव्हतं. आता सगळ्या जंगलासमोर, वडिलांच्या डोळ्यांदेखत, कसं घेणार? त्यांना ते येतच नव्हतं.

त्यांचा पंख तसाच हवेत राहिला. आणि बावरलेला मोर जे करतो तेच त्यांनी केलं. ते खाकरले.

ठमीने मान खाली घातली आणि ती घरी पोचली.

"सात," कासव म्हणाला.

पोरींनी जो आरडाओरडा केला, तो मर्यादेत बसत नव्हता. पण सामना संपला होता, म्हणून तो चालला.

संध्याकाळी रावबहादूर घरी आले. आसपास वडील नाहीत असं बघून त्यांनी ठमीच्या डोक्यावरून पंख फिरवला. "चांगली पळतेस," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सभेने ठराव केला. बेसबॉल हा आपल्या पूर्वजांचाच खेळ असून त्याने मुलींच्या अंगी मर्यादा बाणते, असा. गिधाडशास्त्र्यांना लगेच त्याचं वचनही सापडलं. पुढे तर मुलगी बघायला आलेले लोक विचारू लागले, "मुलीला बेसबॉल येतो ना?" मग बापांची धांदल उडाली. शाळेत नवाच्या नव्वद पोरी झाल्या. घरोघर आया ओरडू लागल्या, "तो भूगोल ठेव बाजूला मेला! आधी शंभर चेंडू टोलव, नाहीतर लग्न कसं व्हायचं?"

ठमी शिकली आणि त्याच शाळेत मोठ्या बाई झाली. ती दर बुधवारी नव्वद पोरींना मैदानावर नेते. मुसळं बाजूला ठेवायला सांगते. मग मातीत काडीने नकाशा काढते आणि नदी समुद्राला कुठे मिळते ते दाखवते. पोरी अंगाला थोडी धूळ लावून घरी जातात आणि सांगतात, "आज फार पळवलं हो बाईंनी!"

तात्पर्य : मुलींनो, वडीलधाऱ्यांविरुद्ध कधीही बंड करू नका. बंडाचा बंदोबस्त कसा करायचा ते त्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. त्यांची आज्ञा तंतोतंत पाळा. त्यावर त्यांना अजून इलाज सापडलेला नाही.