दाउवेचा पाय

फ्राउक्येच्या थोरल्या लेकीचं लग्न झालं ते १९७४ साल. त्याच साली ऑक्टोबरात फ्राउक्येचा धाकटा भाऊ वीबे गावच्या चर्चमध्ये पियानो वाजवायला आला. वीबे मोठा वादक, पार व्हिएन्नापर्यंत जाऊन आलेला. पण फ्रीसलंड प्रांतातल्या या आपल्या गावात त्याने आधी दोनदा वाजवलं, तेव्हा दोन्ही खेपेला लोक हाताची घडी घालून बसले, चार टाळ्या वाजवल्या आणि कॉफी प्यायला निघून गेले.

"आम्स्टरडॅमला लोक ऊठसूट उभे राहतात गं ताई," स्वयंपाकघरात बसून तो सांगत होता. "पियानोचं झाकण लावणारा आला तरी उभे राहतात. इथे माझ्याच गावात एक माणूस बूड हलवत नाही."

"इथली माणसं दिवसभर उभीच असतात," फ्राउक्ये म्हणाली. "चर्चमध्ये बसायला येतात."

"मागच्या वेळी शेजारचा येल्ते काय म्हणाला माहितीय? 'याहून वाईटही होऊ शकलं असतं.'"

"मग? येल्ते स्वतःच्या बायकोबद्दलसुद्धा इतकं चांगलं बोलत नाही."

हे खरंच होतं. त्या मुलखात याच्यापुढे शाबासकी नाही. पण वीबेला जगाची सवय लागलेली.

"आणि शहरच्या पेपरातला तो रींक्स. दरवेळी माझ्यावर एकच शब्द लिहितो, 'नीटनेटकं'. मी काय उशीचा अभ्रा आहे?" वीबेने कप खाली ठेवला. "ताई, आज शेवटचं. आजही कोणी उठलं नाही, तर या गावात मी पुन्हा वाजवायचा नाही."

आईबाप गेल्यापासून वीबे घरी यायचा तो वाजवण्याच्या निमित्तानेच. निमित्त गेलं की भाऊही गेला.

फ्राउक्ये तडक परसात गेली. तिचा नवरा दाउवे सकाळपासून वाकून बटाटे काढत होता. तो चर्चच्या पंचांपैकी एक. प्रार्थना संपली की बाजूच्या बाकावरून तो आधी उठायचा, त्याच्यामागे सगळं गाव उठून मान खाली घालायचं, मग पाद्रीबाबा हात वर करून आशीर्वचन द्यायचे. आजोबा-पणजोबांपासूनची रीत. विचार करावा लागत नसे, पाय आपोआप उठत.

"आज वीबेचं वाजवून झालं की तू उठायचंस," ती म्हणाली. "तू उठलास की सगळे उठतील."

"चर्चमध्ये मी आशीर्वचनाला उठतो. माणसासाठी नाही."

"तो माझा भाऊ आहे."

"भाऊ आहे. देव नाही."

फ्राउक्येने बरीच आदळआपट केली, पण दाउवेने शेवटचा बटाटा निघेपर्यंत मान वर केली नाही. मग हातपाय धुऊन, काळा कोट चढवून तो पंचांच्या बाकावर जाऊन बसला. तो बाक करणाऱ्या सुताराच्या काळात माणसं बुटकी असावीत. दाउवेचे गुडघे पुढच्या फळीला टेकत.

पहिली रचना बरी झाली. दुसरी लांबलचक आणि संथ होती. संथपणा सुरू झाल्याबरोबर, प्रवचनाला होतं तसंच, बाकाबाकांवरून पेपरमिंटच्या गोळ्या फिरू लागल्या. खांबाशी बसलेल्या रींक्सनेही एक घेतली. पाद्रीबाबा आपल्या खुर्चीत डोळे मिटून बसले आणि बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागली. वाजवणं एका जागी येई आणि पुन्हा मागे वळे. पुन्हा तिथेच येई, पुन्हा वळे. कोणाला काही वावगं वाटलं नाही. पाद्रीबाबांचं प्रवचनही असंच चाले.

आणि दाउवेच्या पोटरीत गोळा आला.

त्याने आधी पायाचं बोट ताणलं. मग पेपरमिंट कडकन चावली. मग देवाचं नाव घेतलं. पण पोटरीतल्या गोळ्याला औषध एकच, उभं राहणं. एका हाताने पोटरी आणि दुसऱ्याने फळी धरून दाउवे उठला.

त्याच्यामागे अख्खं गाव उठलं. कोट सळसळले, माना खाली गेल्या. त्या सळसळीने पाद्रीबाबा दचकून जागे झाले. समोर सगळ्या माना झुकलेल्या. आता आपलंच काम राहिलंय, हे ओळखून त्यांनी दोन्ही हात वर केले.

वीबेने पियानोवरून नजर उचलली. क्षणभर पाहत राहिला, मग दोन दणदणीत सूर वाजवून थांबला. त्या शांततेत पाद्रीबाबांनी आशीर्वचन दिलं, गाव "आमेन" म्हणालं आणि कॉफी प्यायला गेलं. अर्धा कार्यक्रम वाजवायचा राहूनच गेला.

कॉफीच्या खोलीत वीबेचे डोळे पाणावले होते.

"टाळीसुद्धा नाही वाजवली गं ताई. माना खाली घालून उभे राहिले. व्हिएन्नातही असं झालं नाही."

फ्राउक्येने दाउवेला चिमटा काढला. "एक शब्द बोलू नकोस."

"मी खोटं बोलणार नाही."

"खोटं बोल असं कोण म्हणतंय? केक खा."

तेवढ्यात येल्ते आला. "वेळेत सोडलंस ते बरं केलंस, गाई दोहायच्यात," तो वीबेला म्हणाला. "याहून वाईटही होऊ शकलं असतं."

दोन दिवसांनी पेपर आला. वीबेने तो न्याहारीला मोठ्याने वाचला. रींक्सने 'नीटनेटकं' हा शब्द कुठेच वापरला नव्हता. वादकाने धीटपणे शेवट अर्धवट सोडला, लोकांना मौनात नेलं आणि ज्या गावात कोणी कोणासाठी उठत नाही ते गाव मान झुकवून उभं राहिलं, असं त्याने लिहिलं होतं.

दाउवेने हातातला पाव खाली ठेवला. चर्चचा पंच माणसासाठी उठला, हे आता छापून आलं होतं.

"वीबे, मला काही सांगायचंय," तो म्हणाला. फ्राउक्येने टेबलाखालून लाथ मारली, ती नेमकी दुखऱ्या पोटरीवर बसली. "आई गं. माझा पाय—"

"पोटरी धरून उठलात ते पाहिलं मी, दाजी," वीबे पावाला लोणी लावत म्हणाला. "तोंड असं केलं होतंत, जसा कोणी दात उपटतोय."

फ्राउक्ये बघतच राहिली. "तुला ठाऊक होतं?"

"मला पुढचं आठवतच नव्हतं ताई. त्याच गल्लीत फिरत होतो, बाहेरची वाट सापडेना. दाजी उठले नसते तर अजून तिथेच असतो."

"मग डोळ्यांत पाणी कसलं?"

"सुटल्याचं."

दाउवेचे खांदे हलू लागले. त्याला हसताना फ्राउक्येने क्वचितच पाहिलं होतं.

"मग पुन्हा येणार का?" तिने विचारलं.

"येणार. पण दाजींना त्याच बाकावर बसव."

वीबे दर ऑक्टोबरात आला. रींक्स पुन्हा 'नीटनेटकं' लिहू लागला, आणि गाव पुन्हा कधी उठलं नाही. वीबेने त्याबद्दल तोंडातून चकार शब्द काढला नाही.

वीबे १९९१ च्या मार्चमध्ये वारला. त्याच चर्चमध्ये त्याची शेवटची प्रार्थना झाली. ऑर्गन अजून वाजत होता, पाद्रीबाबा खुर्चीतून हललेही नव्हते, तेव्हाच दाउवे उठला. त्याच्यामागे गाव उठलं.

"पाय?" फ्राउक्येने हळूच विचारलं.

"नाही," दाउवे म्हणाला.