किसनभाऊंचा जावई

आमच्या जानेफळात जावयाला घाबरत नाही असा सासरा शोधून सापडायचा नाही. पण जावयाला रोज सकाळी आंघोळ घालून सावलीत दोरीवर उलटा वाळत घालणारा सासरा एकच, आमचे शेजारी किसनभाऊ. ती दोरी आमच्या दोघांच्या ओसरीतली. तिच्यावर माझ्या गिऱ्हाइकांच्या पोलक्यांची कापडं भिजवून टाकलेली असायची आणि त्यांच्या शेजारी जावई टपटपत असायचा. त्यावरून आमची किती भांडणं झाली, त्याला गणती नाही.

हा जावई म्हणजे रबराची पिशवी. किसनभाऊंच्या मूत्राशयात गाठ निघाली, तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी ते अख्खं काढलं आणि आतड्याचा एक तुकडा जोडून लघवीला पोटावर, बेंबीच्या उजवीकडे, नवी वाट करून दिली. तिथं लाल, ओलं बोंड दिसतं. हात लावला तरी दुखत नाही, पण त्याच्यावर माणसाचा ताबाही नाही. थेंब थेंब चालूच. म्हणून त्यावर पिशवी चिकटवायची आणि कमरेला पट्टा बांधायचा. अशा दोन पिशव्या त्यांच्याकडे होत्या, एक अंगावर आणि एक दोरीवर.

बाईमाणूस असून मी हे बेधडक सांगते, याला कारण किसनभाऊच. नवरा गेल्यावर मी मेहकर सोडून इथं शिलाई मशीन टाकली. महिनाही झाला नसेल, हे तुटका पट्टा घेऊन दारात. म्हटलं, "कशाचा हो पट्टा?" झालं! काखेतली वांग्यांची टोपली खाली ठेवून त्यांनी सगळी कुंडली मांडली. मी लाजेनं लाल.

"वैनी, तुमी काऊन लाजून राह्यल्या? पिशवी त मले लागली!"

"जावयाचा मान!" हे त्यांचं पालुपद. जावयाला भरल्या पोटी बसवून ठेवायचं नाही, तिसरा हिस्सा भरला की उठवायचं. सिरका घातलेल्या पाण्यात आंघोळ, नाहीतर वास मारतो. उन्हात टाकायचा नाही, रबर तडकतं. बदलायचा तर सकाळी, आपल्या पोटात पाण्याचा घोट जायच्या आधी, तेव्हा बोंड जरा शांत असतं. भोवतालची कातडी साध्या पाण्यानं धुवायची आणि टिपायची, रगडायची नाही. कातडी सोलवटली तर वरून कांडोळीच्या डिंकाची भुकटी. हा डिंक ते सातपुड्याकडच्या एका माणसाकडून आणवत आणि माझ्या खलबत्त्यात कुटत. माझ्या खलबत्त्यात! महिनाभर माझी तिळाची चटणी टाळूला चिकटायची.

मेहकरच्या एस.टी.त तर कहर. मध्येच उभे राहून कंडक्टरला सांगायचे, "थांबव बाप्पा, जावयाले उतरायचं हाये." गाडी थांबायची. किसनभाऊ एकटेच उतरून बाभळीमागं जायचे आणि परत येऊन बसायचे. नवा कंडक्टर असला की विचारायचा, "आन जावई?"

"आला न माह्यासंगं!"

एका धोंड्याच्या महिन्यात, घरोघरी जावई जेवायला येत होते, तेव्हा हे मांजरपाटाचा तुकडा घेऊन आले. जावयाला नवा कपडा पाहिजे! रबर उघडं अंगाला लागलं की घामानं पुरळ उठतं, म्हणून वरून कापडाची खोळ लागते, हे खरं. पण हळदीकुंकू लावून खोळ नेणारा माणूस मी तरी दुसरा पाहिला नाही.

अशा माणसानं एके दिवशी जांभळ्या फुलांची छीट आणली. तीन खोळी हव्यात, आणि घाईनं. त्याच सुमारास ते दर गुरुवारी नवी टोपी घालून बीबी गावाला जायला लागले. बायको जाऊन तीन वर्षं झालेला माणूस, वर फुलांचं कापड! गावानं काय समजायचं ते समजून घेतलं. मीही घेतलं. पण मला पोटात ठेवता येत नाही.

"भाऊ, कोण आहे ती?"

एरवी हसले असते. हसले नाहीत. "पार्वताबाई. माह्यासारखंच आपरेशन झालं. डाक्टरनं मले पत्र धाडलं का जाऊन पाय. पन मी उंबऱ्याबाहेरून किती सांगू? तुमी चला, वैनी. बाईचं माप बाईनंच घेतलं पाह्यजे."

मी मनातल्या मनात माझ्याच तोंडात मारली आणि कात्री पिशवीत टाकली.

बीबीला पार्वताबाई मागच्या खोलीत गोधडीवर पडलेल्या. ओठ कोरडे, डोळे खोल. आठ दिवसांवर मुलीचं लग्न, आणि बाईनं सांगून टाकलं होतं की मी मांडवात येणार नाही. जावयाचे पाय बाप धुतो आणि पाणी आई धरते. ते पाणी आता त्यांची जाऊ धरणार होती.

किसनभाऊ उंबऱ्याबाहेर पाठ करून बसले आणि तिथून हुकूम सोडायला लागले. "आंधी बोंडाचं माप घ्या. सुरवातीले दर महिन्याले बारीक होते ते." मी पुठ्ठा कापून माप घेतलं. खरंच, पिशवीखालच्या, कातडीला चिकटणाऱ्या चकतीचं भोक जुन्याच मापाचं होतं, आणि मधली कातडी लालबुंद झालेली. काजाचं माप चुकलं की बटण जसं सुटतं, तसलाच प्रकार. नवी चकती सुताभर मोकळीक ठेवून कापली. आणि लुगड्याची गाठ कुठं, तर नेमकी पिशवीच्या डोक्यावर! आवळून बांधलं म्हणजे राहील, असा बाईंचा समज. पिशवी भरली की दाबायची, दाबली की गळायची. गाठ मी डावीकडे सरकवली.

"पानी किती पेता?" बाहेरून प्रश्न आला.

"दोन घोट. गळू नाई म्हनून."

"अवो माय! पानी तोडलं म्हनून ते थांबत नाई. फकत दाट होते, वास मारते, आन आतून मानूस बिघडते. पे व माय, पे!"

पार्वताबाईंनी पदर तोंडाला लावला. "आन भर मांडवात गळलं त? व्याह्यांसमोर? मी तोंड कुठं लपवू?"

किसनभाऊ पाठमोरेच म्हणाले, "म्या लपवलं होतं. गोठ्यात."

पार्वताबाई कोपरावर उठून उंबऱ्याकडे बघायला लागल्या.

"माह्या शांतीचं लगन. मुंबईहून येऊन दोन महिने झाले होते. भर मांडवात गळलं त, या भेवानं मी गोठ्याले आतून कडी लावून बसलो. जावयाचे पाय माह्या भावानं धुतले. पोरगी सासरी निंगाली तवा गोठ्याच्या दारावर आली. 'बाबा, कडी काढा' म्हने. म्या नाई काढली. जावयाले वाटलं, सासऱ्याले सोयरीक पसंत नव्हती. पोरगी येते, दोन दिवस राह्यते. तो सहा वर्षांत उंबऱ्यावर आला नाई. त्याच्यानंतर म्या कोनापासून काई लपवलं नाई, साऱ्या गावाले सांगतलं. ज्याले सांगाचं होतं त्याले सांगतलं नाई. त्याचे पाय धुवाचे राह्यले, म्हनून मी याले धुतो रोज."

पाच वर्षं मी या माणसाशी दोरीवरून भांडत होते, मेलं माझं तोंड!

पार्वताबाईंनी हात लांब करून तांब्या ओढला आणि गटागटा पाणी प्यायल्या.

लग्नात पाणी त्यांनीच धरलं. थोडी धार पाटाबाहेर गेली, पण गळलं काही नाही. किसनभाऊ मांडवाच्या खांबाला टेकून ढसाढसा रडत होते, आणि वऱ्हाडी एकमेकांना विचारत होते की हा नवरीचा कोण लागतो.

घरी आल्यावर मी त्यांना न विचारता शांतीच्या नवऱ्याला कार्ड टाकलं. गाठ, गोठा, कडी, सगळं लिहिलं. उघडं कार्ड, पोस्टमन वाचणार. वाचेना का!

त्या वर्षी पुन्हा धोंड्याचा महिना आला. एका सकाळी शांती आली, आणि तिच्यामागं एक उंचापुरा माणूस, आमच्या ओसरीपाशी खाली मान घालून उभा. म्हणाला, "मामा, एवढंच होतं त सांगाचं न."

कंडक्टरपासून पोस्टमनपर्यंत साऱ्यांशी बोलणारे किसनभाऊ सरळ घरात गेले. त्यांनी आतून पाट आणला आणि तांब्याभर पाणी आणलं. वाकायला गेले आणि थबकले. हात आपसूक पोटाच्या उजव्या बाजूला गेला होता.

"खुशाल वाका, भाऊ," मी म्हटलं. "पट्टा मी शिवलाय."

ते वाकले. पाय धुतले आणि नव्या पंच्यानं हळूहळू टिपले. रगडले नाहीत.