समासातले सुभेदार

आमच्या जुळे सोलापुरातल्या वाचनालयात युद्धावरचं एकही पुस्तक स्वच्छ राहिलेलं नाही. प्रत्येकाच्या समासात पेन्सिलीनं एकच शब्द लिहिलेला सापडतो : 'सुळ्ळु'. कानडीत सुळ्ळु म्हणजे खोटं. लिहिणारे आमचे जुने सभासद, मंद्रूपचे निवृत्त सुभेदार शिवलिंगप्पा बिराजदार. सगळे त्यांना अप्पा म्हणतात.

मी तिथली ग्रंथपाल. पुस्तकांवर लिहू नका, असं पहिल्यांदा बजावलं तेव्हा अप्पांनी पान उघडून माझ्यापुढे सरकवलं.

"हितं बगा ताई. आपले मागं आले तर 'माघार घेतली'. ते मागं गेले तर 'शेपूट घालून पळाले'. नावं बदलून वाचा की. चालतंय का?"

मी वाचलं. चालत नव्हतं.

शत्रूला फार चांगला ठरवणारी पुस्तकंही सुटत नसत. "ह्यानं तर देवच केलाय त्यांचा! त्या देवांनी आमची मानसं मारली, ते कुटं हाय?" की पुन्हा सुळ्ळु. एकदा तर शेंगाचटणीच्या कृतीसमोरही सुळ्ळु सापडलं. लेखिकेनं साखर घातली होती.

गेल्या वर्षी आमच्याच एका सभासदांनी, निवृत्त शिक्षक देशमुख सरांनी, तालुक्यातल्या सैनिकांवर पुस्तक लिहिलं. एक प्रकरण अप्पांवर होतं. प्रकाशन वाचनालयातच झालं. सरांनी भारावून वाचलं, "जवान बिराजदारांना पाहताच खंदकातला शत्रू थरथर कापत शरण आला."

टाळ्या पडल्या. अप्पा उठले.

"सर, हे सुळ्ळु हाय."

ते सगळ्यांकडे वळले.

"त्यो कापत न्हवता. गोळ्या संपेस्तोवर लडला. मग हात वर करून भायेर आला आन् म्हनाला, आत माजा जोडीदार जखमी हाय, त्याला पानी द्या."

"म्हातारा त्यांची बाजू घ्यायला लागला," मागून कुणीतरी पुटपुटलं.

सरांचा चेहरा उतरला. "अप्पा, मी मनचं नाही लिहिलं. लढाईनंतर सुट्टीवर आलात तेव्हा चावडीपुढं तुम्ही हेच सांगितलंत. मी शाळकरी होतो, अगदी पुढे बसलो होतो."



"व्हय," अप्पा म्हणाले. "मीच सांगितलं. गावानं हलगी लावून मिरवलं हुतं. लई बरं वाटत हुतं."

सत्काराची शाल न घेताच ते निघून गेले.

दोन आठवडे अप्पा फिरकले नाहीत. मग एका दुपारी देशमुख सरच त्यांना स्कूटरवर मागे बसवून घेऊन आले. "पुढच्या आवृत्तीत खरं ते घालू," सर म्हणाले. "अप्पा सांगतील, तुम्ही लिहून घ्या." एवढं बोलून ते बाहेर पेपर वाचत बसले.

अप्पा सांगू लागले. मी विचारलं, "शत्रू लिहू, की नुसतं सैनिक?"

"शत्रूच लिवा. शत्रूच हुता. त्याच्या गोळीनं आमचा मानूस गेला, ते बी लिवा. आन् मी पानी दिलं, पर उशिरानं दिलं, ते बी लिवा. आदी द्यावं वाटंना."

"जखमी वाचला?"

"न्हाय."

मी ते लिहिलं आणि वाचून दाखवलं. अप्पांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मग आणखी एकदा. मी म्हटलं, "झेरॉक्स काढून देऊ का, घरी न्यायला?"

"घरी आता कोन हाय ऐकायला?" अप्पा म्हणाले. "आमची मंडळी पावन्यारावळ्यास्नी जल्मभर त्योच कापनारा शत्रू सांगत ऱ्हायली. लई अभिमान तिला. मला खरं सांगाय जमलं न्हाय. तसंच ऐकून गेली ती."

त्यांनी डोळे मिटले.

"वाचा की, ताई. जरा मोट्यानं."

मी चौथ्यांदा वाचायला घेतलं.