चिपला हळद लागली

"आधी माझी चिप पास होऊ दे, मग लग्नाचं बघू," हे उत्तर ऐकून ऐकून जनीचे कान किटले होते. तिचा मुलगा दीपेश पनवेलच्या एका छोट्या कंपनीत ऑफिसांच्या वायफायसाठी चिप बनवत होता. एका दमात दोनशे माणसांना पुरेल अशी. आज गिऱ्हाईक कंपनीचे चारुदत्त साहेब ती तपासायला आले होते. त्यांना पटली नाही, तर एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात.

दीपेशने ऐटीत बॅग उघडली. आत भाकरीचा डबा! रात्री घरी नेलेली, चिपचा बोर्ड असलेली पेटी गायब. त्याने घाबऱ्या घाबऱ्या आईला फोन लावला.

"आई, ती अँटेनावाली पेटी कुठंय?"

"आनंदाकाकाच्या मांडवान. आज त्याच्या पोरीची हलद नाय का?"

"अगं, पण तिथं कशाला नेलीस?"

"काल तूच बोल्लास ना, दोनशे मानसांना पुरल म्हनून? मांडवान तवरीच मानसं हायत!"

दीपेशचे बॉस विनायक सर मटकन खाली बसले. त्यांनी चाचणीसाठी ऑफिसभर मागून मागून जेमतेम तीसेक मोबाईल जमवले होते. चारुदत्त साहेब मात्र उठले. "चला, कामोठ्याला तुमच्या गावच्या मांडवातच जाऊ."

मांडवात डीजे दणाणत होता. आनंदाचा केबलचा धंदा, त्यामुळे त्याने बोर्ड झटक्यात जोडला होता. चाचणीसाठी दीपेशने पासवर्ड काढूनच ठेवलेला, मग काय, अख्खं गाव मोबाईलला चिकटलेलं! जनीने बोर्डाला हळदकुंकूही वाहिलं होतं. ते पाहून दीपेश रुमाल काढून पुसायला धावला.

"अहो काकी, नेट चालतंय का?" साहेबांनी एका म्हातारीला विचारलं.

"चालतंय म्हंजे? आमचा शेजारी शाहीद कुवेतला बसून हलद बघतंय!"

साहेबांनी लॅपटॉप उघडला. जोडलेल्या मोबाईलांनी दोनशेचा आकडा कधीच पार केला होता. तेवढ्यात नवऱ्याकडची मंडळी आली नि आकडा तीनशेवर गेला. दीपेशने डोळे मिटून घेतले. पण चिप जराही अडखळली नाही.

"इतकी कडक चाचणी आमच्या लॅबमध्येही होत नाही. पास!" साहेब ओरडले.

दीपेशने आईला उचलून गरकन फिरवलं. विनायक सर तर डीजेसमोर नाचायलाच लागले.

"पुढची चिप पाचशे माणसांची हवी," साहेब म्हणाले, "आणि चाचणी अशीच, मांडवात."

घामाघूम विनायक सर जनीकडे वळले. "मावशी, तुमच्याकडे आणखी कोणाचं लग्न राहिलंय का हो?"

जनीने हळदीच्या ताटात दोन्ही हात बुडवले नि दीपेशच्या गालांवर फासले.

"हाय की! नि आता त्याची चिप पन पास झालीय."